रुजवात

लहानपणी अण्णांचा डबा घेऊन मी तालुक्याच्या कचेरीत जायची. तिथे दाराशी पाच-दहा मिनिटं थांबावंच लागायचं, कारण आत रुजवात चाललेली असायची. अण्णा नक्कल विभागात होते. कुणाला जुन्या दस्ताची, फेरफाराची किंवा पीकपाण्याची नक्कल हवी असली, की दप्तर बांधलेला लाल रुमाल सुटायचा, जीर्ण कागद बाहेर यायचा आणि अण्णा तो फुलस्केपवर उतरवून काढायचे. मग रुजवातीला दोघं समोरासमोर बसायचे. एकाच्या पुढ्यात अस्सल, दुसऱ्याच्या पुढ्यात नक्कल. अस्सलवाला मोठ्याने वाचायचा, नक्कलवाला ओळीवरून बोट सरकवत जायचा. नुसता मजकूर नाही, 'येथे खाडाखोड आहे', 'येथे शाई पसरली आहे', हेही त्याच सुरात वाचलं जायचं. शेवटी 'अस्सल बरहुकूम खरी नक्कल' असा शेरा आणि खाली दोन सह्या. एक नक्कल करणाऱ्याची, दुसरी रुजवात घेणाऱ्याची.

"दोन सह्या कशाला? तुम्हीच लिहिलंय, तुम्हीच तपासा की," मी एकदा म्हटलं होतं.

अण्णा म्हणाले, "आपण लिहिलेलं आपण वाचायला घेतलं, की डोळा कागदावरचं वाचत नाही, मनातलं वाचतो."

कॉम्प्युटर शिकताना हे वाक्य मला पुन्हा भेटेल असं तेव्हा कुठे ठाऊक होतं!

२००२ साल होतं. अण्णा नुकतेच निवृत्त झालेले, मी शाळेत शिकवत होते आणि एम.एस.-सी.आय.टी.चा कॉम्प्युटर कोर्स करणं भाग होतं. महाराष्ट्रभर त्या एक-दोन वर्षांत शिक्षक, कारकून, तलाठी असे कितीतरी जण चाळिशी-पन्नाशीत पुन्हा विद्यार्थी झाले होते. आमचा क्लास एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. चपला जिन्यात काढायच्या, खिडक्यांना जाड पडदे, धूळ आत यायला नको. देवघरात शिरावं तसे आम्ही आत जायचो. शिकवणारे सर माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकाच्या हातात एकेक निळी फ्लॉपी, म्हणजे कॉम्प्युटरवर लिहिलेलं साठवायची चपटी डबी, दिली आणि बजावलं, "लोहचुंबकाजवळ ठेवू नका. स्पीकरवर ठेवू नका. पर्सला चुंबकाचं बटण असेल तर पर्समध्येही नको."

कारण विचारलं तर म्हणाले, "डेटा उडतो."

उडतो म्हणजे काय होतं, ते मला कळेना. कागदावरची शाई पाण्याने फिसकटते हे दिसतं. इथे फिसकटण्यासारखं काय आहे तेच दिसत नव्हतं. माझी चुळबुळ पाहून सरांनी एक बिघडलेली फ्लॉपी मला देऊन टाकली. "घरी उघडून बघा, मॅडम."

त्या रात्री जेवणं झाल्यावर अण्णा आणि मी ती फ्लॉपी उघडायला बसलो. सरकतं पत्र्याचं झाकण आधी काढलं, त्याच्याबरोबर केसाएवढी बारीक स्प्रिंग उडून कुठेतरी गेली. मग कडेने स्क्रू-ड्रायव्हर घालून प्लॅस्टिकचे दोन्ही पापुद्रे वेगळे केले. आतून निघाली एक पातळ, तपकिरी, लवलवती चकती, मधोमध धातूचा बिल्ला, आणि दोन्ही बाजूंना पांढऱ्या मऊ कापडासारखं अस्तर. धूळ पुसायला. अण्णांनी चकती बोटांच्या टोकांनी कडेला धरून दिव्यासमोर नेली. त्यांची जुन्या कागदांना हात लावायची तीच पद्धत होती.

"ही तर कॅसेटची पट्टी," ते म्हणाले. "गोल कापलेली."

आणि ते अगदी बरोबर होतं. कॅसेटच्या फितीवर असतो तसाच या चकतीवरही लोखंडाच्या संयुगाच्या बारीक कणांचा लेप असतो. अण्णांनी माझ्या शाळेच्या प्रयोगपेटीतला लोहचुंबक मागवला, वहीच्या कागदावर लोहकीस पसरला आणि खालून चुंबक फिरवला. कीस उभा राहिला, चुंबक फिरेल तसा वळला. चुंबक काढून घेतला तेव्हा कीस आडवा पडला, पण मघाच्या रेघा मोडल्या नव्हत्या. फ्लॉपीच्या लेपात साधारण असंच होतं, फक्त तिथे कण हलत नाहीत, त्यांची चुंबकीय दिशा वळते, आणि तीही इतक्या सूक्ष्म प्रमाणात की डोळ्यांना काही दिसू नये. फ्लॉपी ज्यात घालतात त्या ड्राइव्हमधलं, लिहिणारं-वाचणारं हेड म्हणजे तारेचं वेटोळं असलेला इवलासा विद्युतचुंबक. तारेतून वीज एका दिशेने गेली की त्याच्याखालचा लेप एका बाजूला चुंबकीय होतो, वीज उलटली की दुसऱ्या बाजूला. वीज बंद झाली तरी लेप ती दिशा धरून ठेवतो. वाचताना चकती मिनिटाला ३०० वेळा फिरते आणि जिथे जिथे ही दिशा पालटलेली असते तिथे वेटोळ्यात विजेची हलकी लहर उठते. त्या लहरींवरून एक आणि शून्य ओळखायचे. म्हणजे अक्षर लिहिलं जातं ते बदलाने. दिशा जिथे बदलत नाही तिथे हेडला ऐकू येण्यासारखं काही नसतं.

हे पहिल्यांदा करून दाखवलं डेन्मार्कच्या वाल्डेमार पोल्सेनने. त्याने १८९८ मध्ये पोलादी तारेवर माणसाचा आवाज चुंबकाने नोंदवून दाखवला. १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात ते यंत्र ठेवलं होतं आणि तिथे ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ योझेफ त्याच्यापुढे थोडंसं बोलला. तो आवाज अजून टिकून आहे. पुढे १९५६ मध्ये आयबीएमने चुंबकीय तबकड्यांचं पहिलं यंत्र बाजारात आणलं. दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या, वजन टनापेक्षा जास्त, आणि त्यात मावायची ५० लाख अक्षरं. आमच्या हातातल्या चकतीत त्याच्या पाव हिश्शाहून जास्त मावत होतं. हा हिशोब अण्णांनी कागदावर मांडला. दोन बाजू, एकेका बाजूला ८० वर्तुळं, एकेका वर्तुळाचे १८ भाग, एकेका भागात ५१२ अक्षरं. गुणाकार केला, १४,७४,५६० आले. फुलस्केपच्या एका पानावर दोन हजार अक्षरं धरली तर सातशेच्या वर पानं.

अण्णा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. सातशे पानं नक्कल करायला एका माणसाला किती महिने लागतील, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

मग त्यांनी विचारलं, "आणि रुजवात कोण घेतं?"

पुढच्या तासाला मी सरांना हाच प्रश्न विचारला. शब्द ऐकून ते जरा थांबले, मी समजावून सांगितल्यावर खूश झाले आणि फळ्याकडे वळले. प्रत्येक ५१२ अक्षरांच्या भागामागे आणखी दोन अक्षरांएवढी जागा राखलेली असते. लिहिताना त्या ५१२ वर एक ठरलेलं गणित करून उत्तर तिथे मांडून ठेवतात. वाचताना तेच गणित पुन्हा करायचं. उत्तर जुळलं तर मजकूर जसाच्या तसा आहे, नाही जुळलं तर काहीतरी बिघडलंय. शाळेत गुणाकार झाल्यावर आपण ताळा करून पाहायचो, तसाच हा ताळा. कुणी चुंबक फिरवला, बुरशी लागली, चरा पडला, तर ताळा चुकतो आणि मशीन वाचायला नकार देतं.

आम्ही ते करूनही पाहिलं. एका फ्लॉपीवर आईच्या लोणच्याचं प्रमाण टाइप करून ठेवलं, वहीत त्याची नक्कल होतीच. जुन्या रेडिओच्या स्पीकरचा चुंबक तिच्यावरून चार-पाच वेळा फिरवला आणि दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये ती ड्राइव्हमध्ये घातली. ड्राइव्ह खरखर करत राहिला आणि मग पडद्यावर चौकट आली: ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करायची का? कालपर्यंत जिच्यात आईची मोहरी, मेथी आणि मीठ होतं, ती चकती जणू आजवर कुणी वापरलीच नव्हती. बाहेरून तसूभरही फरक नव्हता. 'डेटा उडतो' म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. उडत काहीच नाही. कण तिथेच असतात, त्यांच्या चुंबकीय दिशांचा क्रम जातो.

फाइल डिलीट करणं हा याच्या अगदी उलटा प्रकार आहे, तेही त्याच आठवड्यात शिकले. फ्लॉपीवर डिलीट केलं की यादीतल्या नावाचं पहिलं अक्षर खोडलं जातं आणि ती जागा मोकळी म्हणून मांडली जाते. मजकूर जिथल्या तिथे, वरून दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. अण्णांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "यादीतून नाव गेलं, रुमाल फळीवरच." ज्यांच्या मोबाइलमध्ये खाजगी कागद, फोटो असतात त्यांनी हे एवढं तरी माहीत करून घ्यावं असं मला फार वाटतं. मोबाइलची तऱ्हा वेगळी असली तरी 'पुसलं' म्हणजे गेलंच, हे धरून चालू नये.

पण सांगायची गोष्ट ताळ्याची होती. सरांनी फळ्यावर काढलेलं सगळं मी अण्णांना घरी समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे लिहिलं तेच वाचलं, एवढंच ना?"

"हो."

"मग ते आमच्यासारखंच झालं. मुळात कोंडीबाचं धोंडीबा पडलेलं असेल तर आम्ही धोंडीबाच लिहायचो. दुरुस्त करायचा अधिकार नाही. खाली शेरा मारायचो, अस्सल बरहुकूम. तो शेरा नकलेबद्दल आहे. नाव खरं आहे असं तो म्हणत नाही."

"मग नाव खरं आहे का ते कसं बघायचं?"

"सातबाऱ्याकडे बघत बसून कळत नाही. नावाशेजारी वर्तुळात आकडा असतो, फेरफाराचा. तो फेरफार काढायचा. नाव कसं आलं ते तिथे सापडतं. वारसाने आलं, खरेदीने आलं, कुणी हरकत घेतली होती का, सगळं. सातबारा नुसता शेवट सांगतो."

हे बोलणं तिथेच संपलं. मी परीक्षा पास झाले, फ्लॉप्या कपाटात गेल्या, सी.डी. आली, पेन ड्राइव्ह आला.

मग मोबाइल आला आणि एका दिवाळीत मला एक फोटो आला. काळ्या अवकाशातून दिसणारा भारत, पांढऱ्या, निळ्या, हिरव्या, लाल दिव्यांनी नुसता लखलखलेला. खाली ओळ: दिवाळीच्या रात्री नासाने टिपलेलं छायाचित्र. इतका सुंदर होता की मी तो पालकांच्या ग्रुपवर टाकला, नातेवाइकांना पाठवला आणि संध्याकाळी अण्णांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला. "सुरेख आहे," म्हणाले. "मूळ कुठलं?"

नासाचं, मी म्हटलं. तसं खाली लिहिलंय.

"खाली लिहिलंय तो सातबारा. फेरफार काढ."

तेव्हा मी पहिल्यांदा शोधायला बसले. फोटो बनावट नव्हता. अमेरिकेच्या हवामान-समुद्रविज्ञान संस्थेतल्या ख्रिस एल्विज या शास्त्रज्ञाने तो २००३ मध्ये उपग्रहांच्या कित्येक वर्षांच्या नोंदी एकत्र करून तयार केला होता. लोकवस्ती कशी वाढत गेली ते दाखवायला. पांढरे दिवे १९९२ च्या आधीचे, निळे १९९२ चे, हिरवे १९९८ चे, लाल २००३ चे. दिवाळीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. लोकांचा हा गैरसमज इतका पसरला होता की नासाने २०१२ च्या दिवाळीत काढलेलं खरं छायाचित्र प्रसिद्ध करून सांगितलं, की दिवाळीचा जादा उजेड इतका थोडा असतो की तो अवकाशातून बहुधा जाणवणारही नाही.

मी शेजारच्या खोलीत जाऊन अण्णांना हे सांगितलं. मग पालकांच्या ग्रुपवर लिहिलं. लिहिताना हात जड झाला होता, कारण ज्या तीस-चाळीस घरांत तो फोटो माझ्या नावाने गेला होता तिथे तो 'बाईंनी पाठवला' म्हणून खरा ठरला होता. नक्कल माझी होती आणि रुजवातीची दुसरी सही कुणाचीच नव्हती. माझ्या मोबाइलमधून त्यांच्या मोबाइलमध्ये जाताना त्या फोटोतला एक ठिपकासुद्धा हलला नव्हता. मशीनने आपला ताळा चोख केला होता. दिवाळीची ओळ मात्र कुठल्या ताळ्यात सापडणार होती?

हे सगळं दिवाळीच्या फोटोपाशी राहिलं असतं तर मी आज लिहायला बसले नसते.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे आली होती. पोट भरायला गावोगाव फिरणारी, त्यातली बहुतेक मूळची सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज त्या भागात आधीच पोचले होते. जमावाने त्यांना धरलं आणि ठेचून मारलं. पाचही जणांना. त्या दिवसांत देशभर एक व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवरून दोघं येतात, रस्त्यावरचं मूल उचलतात आणि पळतात. तो व्हिडिओ कराचीचा होता. लहान मुलांच्या सुरक्षिततेबद्दल लोकांना जागं करायला तिथे केलेली ती एक फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये ते दोघं परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि मुलांकडे लक्ष ठेवा असा फलक दाखवतात. कुणीतरी तेवढा शेवट कापून टाकला होता.

कापलेला व्हिडिओही लाखो मोबाइलमध्ये अस्सल बरहुकूम उतरला. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने पुढे ढकललेल्या मजकुरावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. बरं झालं. पण ती खूण एवढंच सांगते की ही नक्कल आहे. ज्या माणसांनी दगड उचलले त्यांच्यातल्या एकालाही कुणी शाळेत असं शिकवलं होतं का, की व्हिडिओ बघितल्यावर आधी विचार, हा कुठला, कधीचा, पुढे काय होतं? मी शिक्षिका आहे. हा प्रश्न मला दुसऱ्या कुणाकडे ढकलता येत नाही.

नंतर एका प्रयोगाबद्दल वाचलं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी ४५ जणांना इंटरनेटवरची काही पानं तपासायला दिली. त्यात १० इतिहासकार होते, १० जण बातम्यांची सत्यता तपासण्याचं काम करणारे, आणि २५ विद्यापीठाचे विद्यार्थी. इतिहासकार आणि विद्यार्थी बऱ्याचदा त्या पानावरच थांबले. वरपासून खालपर्यंत वाचलं, बोधचिन्ह बघितलं, मांडणी, संदर्भ बघितले, आणि कित्येकदा फसले. तपासनीस मात्र पान उघडल्यावर थोड्याच वेळात ते सोडून बाहेर पडले. नव्या खिडक्या उघडून ही संस्था कुणाची, पैसा कुणाचा, दुसरे लोक तिच्याबद्दल काय म्हणतात ते बघितलं आणि मग परत येऊन वाचलं. त्यांचं उत्तर जास्त लवकर आलं आणि जास्त बरोबर आलं. वाचताना मला अण्णांचं वर्तुळातला आकडा दाखवणारं बोट दिसत होतं. सातबाऱ्याकडे बघत बसून कळत नाही.

आणि मी कुठे राहते, तर वाईत. मराठी विश्वकोशाचं गाव. १९७६ साली पहिला खंड निघाला तेव्हापासून त्यातल्या नोंदीखाली संदर्भ आणि लिहिणाऱ्याचं नाव छापलेलं मिळतं. लिहिणारा सापडतो, त्याने कशावरून लिहिलं ते सापडतं. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी पानिपतच्या काळातल्या पत्रांचा पहिला खंड काढला तो १८९८ मध्ये. मागाहून, ऐकीव माहितीवर रचलेल्या बखरींपेक्षा त्या वेळचं अस्सल चिटोरं त्यांनी मोलाचं मानलं आणि त्यासाठी माळ्यावर पडलेली दप्तरं उघडत गावोगाव फिरले. पोल्सेनची तारही त्याच १८९८ ची. एकाने कुणाचंही बोलणं जसंच्या तसं धरून ठेवायची युक्ती काढली, आणि त्याच वर्षी इकडे दुसरा, लिहून ठेवलेल्यातलं विश्वासाचं कोणतं हे हुडकत होता. यातलं पहिलं आपण कॉम्प्युटर क्लासमध्ये तीन महिन्यांत शिकवतो. दुसरं त्याच क्लासमध्ये, त्याच बाकावर शिकवलं पाहिजे, असं माझं मत आहे. मुलाला माउस धरता आला त्याच दिवशी.

सातवीच्या वर्गात मी आता ते करते. पहिल्या तासाला फ्लॉपी उघडायची. कपाटातल्या उरलेल्या फ्लॉप्यांवर दोन पावसाळ्यांत पांढरी बुरशी चढली होती, त्याच कामाला आल्या. चकती हातोहात फिरते, लोहकीस पसरतो, मुलं गुणाकार करतात. दुसऱ्या तासाला जोड्या लावायच्या आणि रुजवात घ्यायची. एकाने वाचायचं, दुसऱ्याने बोट सरकवायचं, अगदी खाडाखोडीसकट. तिसऱ्या तासाला घरी आलेला एक मेसेज कागदावर लिहून आणायचा आणि त्याचा फेरफार काढायचा: पहिल्यांदा कुणी म्हटलं, कधी म्हटलं, कापलेलं काही आहे का, आणि ज्याच्या नावाने फिरतंय तो स्वतः तसं म्हणतो का. अर्ध्याअधिक मुलांना काही सापडत नाही. मग वहीत 'मूळ सापडले नाही' असं लिहायचं आणि तो मेसेज पुढे पाठवायचा नाही. हे तीन शब्द लिहायला मुलांना सुरुवातीला फार जड जातात. उत्तर आलं नाही असं त्यांना वाटतं.

मागच्या पावसाळ्यात एका पहाटे साडेसहाला फोन वाजला. बाहेर धो धो पाऊस. रात्रीपासून सगळ्या ग्रुपवर जिल्हाधिकाऱ्यांच्या पत्राचा फोटो फिरत होता: अतिवृष्टीमुळे उद्या सर्व शाळांना सुट्टी. बोधचिन्ह होतं, शिक्का होता, सही होती, आणि पत्र खोटं नव्हतं. वर्गातली एक मुलगी बोलत होती. मागे तिच्या आईचा आवाज येत होता, कुणाशी बोलतेस एवढ्या सकाळी.

"बाई, त्या पत्राची तारीख कापलीये. पण वर जावक क्रमांक आहे ना, त्याच्यापुढे तिरप्या रेघेनंतर गेल्या वर्षीचं साल आहे."

मी चष्मा शोधला, फोटो मोठा करून बघितला. होतं.

"मग शाळा आहे ना, बाई?"

"आहे," मी म्हटलं. "छत्री घेऊन ये."